दोन ओळी आणि बत्तीस हजार किल्ल्या

१३ मे २००८ रोजी डेबियनने, म्हणजे लिनक्सची एक मोफत आवृत्ती बनवणाऱ्या प्रकल्पाने, एक सुरक्षा सूचना काढली. क्रमांक डीएसए-१५७१-१. सूचनेचा मथितार्थ असा होता: गेल्या जवळजवळ वीस महिन्यांत डेबियनवर, किंवा डेबियनवरून बनलेल्या उबुंटूसारख्या कुठल्याही डिस्ट्रोवर (तयार लिनक्स संचावर), ओपनएसएसएल ही गुप्तलेखनाची लायब्ररी वापरून तुम्ही जी जी किल्ली, म्हणजे ओळख पटवणारा किंवा माहिती कुलूपबंद करणारा गुप्त आकडा, बनवली असेल ती बाद समजा. दूरच्या मशिनवर लॉगिन करायच्या एसएसएचच्या किल्ल्या, खासगी नेटवर्कच्या ओपनव्हीपीएनच्या किल्ल्या, वेबसाइटच्या सर्टिफिकेटमागच्या किल्ल्या, वेबपत्त्यांची खात्री पटवणाऱ्या डीएनएससेकच्या किल्ल्या, सगळ्या.

हे कुणी घुसखोराने केलं नव्हतं. कुणाच्या आळशीपणामुळेही झालं नव्हतं. कारण होतं एक बग फिक्स. एका वापरकर्त्याने तक्रार केली, डेबियनमधलं ओपनएसएसएलचं पॅकेज सांभाळणाऱ्या मेंटेनरने ती मनावर घेतली, मूळ प्रकल्पाच्या, म्हणजे ओपनएसएसएलच्या, लोकांना विचारलं, होकार मिळाला, आणि दोन ओळी काढल्या गेल्या. ओपन सोर्समध्ये काम कसं करावं म्हणून आपण नव्या मुलांना जे जे सांगतो, त्यातलं बरंचसं त्याने केलं होतं. म्हणूनच हे प्रकरण मला इतर कुठल्याही बगपेक्षा जास्त अस्वस्थ करतं. मेंटेनरचं नाव सगळ्या नोंदींमध्ये आहे, पण मी ते इथे घेणार नाही. त्याच्या जागी मी असतो तरी तेच झालं असतं, असं मला मनापासून वाटतं.

तक्रार काय होती

एप्रिल २००६. डेबियनच्या बग यादीत ३६३५१६ क्रमांकाची नोंद आली. ओपनएसएसएल वापरणारा प्रोग्रॅम वॅलग्रिंडखाली चालवला की वॉर्निंगचा पूर येतो, अशी ती तक्रार.

वॅलग्रिंड हे सी भाषेत काम करणाऱ्यांचं रोजचं अवजार आहे. प्रोग्रॅम मेमरीचा कुठला तुकडा वापरतो आणि त्यात आधी काही लिहिलं होतं की नाही, याचा हिशेब ते बाइट-बाइटने ठेवतं. भाड्याच्या खोलीत आधीच्या भाडेकरूचं सामान पडून असावं तसं न लिहिलेल्या मेमरीत मागचं काहीबाही पडलेलं असतं. ते आपलं समजून वापरलं, तर प्रोग्रॅम आज एक उत्तर देतो, उद्या दुसरं. अशा चुका डोळ्यांनी शोधणं फार अवघड, म्हणून वॅलग्रिंडची वॉर्निंग हलक्यात घेऊ नये असंच आपण शिकतो.

पण या अवजाराची एक खोड लक्षात ठेवावी लागते. कोरा बाइट नुसता इकडून तिकडे नेला, त्याची बेरीज केली, दुसऱ्यात मिसळला, तरी वॅलग्रिंड ओरडत नाही. ते फक्त खूण ठेवतं. हळदीचा हात जिथे लागेल तिथे पिवळं होतं, तशी ही खूण पसरत जाते. आणि त्या पिवळ्या आकड्यावर प्रोग्रॅमने कुठेतरी ‘असं असेल तर इकडे, नसेल तर तिकडे’ असा निर्णय घेतला, की वॉर्निंग येते. म्हणजे हळद लागते एका फाइलीत आणि वॉर्निंग येते तिसऱ्याच फाइलीत. हळद मुळात कुठून लागली हे दाखवण्याची सोय वॅलग्रिंडमध्ये त्यानंतरच्या आवृत्तीत आली. २००६ साली ते स्वतःच माग काढत शोधावं लागे.

किल्ल्यांसाठी लागणारे रँडम आकडे बनवणाऱ्या कोडमध्ये तर ही हळद सगळीकडे जाणारच. तिथलं कामच मुळी जे येईल ते एकमेकांत मिसळण्याचं. एक कोरा बाइट पडला की पुढचा प्रत्येक आकडा पिवळा. आणि ओपनएसएसएलच्या रँडम आकड्यांवर तुमचा प्रोग्रॅम उभा असेल, तर वॉर्निंगा तुमच्या कोडमध्ये दिसणार. स्वतःचा बग शोधायला बसलेल्या माणसाला त्या हजार ओळींच्या गर्दीत स्वतःचा बग सापडणं मुश्कील. तक्रार अगदी खरी होती, हे मला आवर्जून सांगायचं आहे.

एकसारख्या दिसणाऱ्या दोन ओळी

माग काढत मेंटेनर एमडी_रँड.सी या फाइलीपर्यंत पोचला. तिथे दोन ठिकाणी एकच ओळ होती. मूळ रोमन अक्षरांतली ती ओळ देवनागरीत लिहिली तर अशी:

एमडी_अपडेट(&एम, बफ, जे);

ओळ क्रमांक २४७ आणि ओळ क्रमांक ४६७. दोन्हीकडे तेच तीन शब्द, तेच दोन स्वल्पविराम. अर्थ मात्र एकमेकांच्या उलट.

ही ओळ काय करते? पत्ते पिसण्याचं काम करते. ‘बफ’मध्ये जे काही आहे ते घेऊन आतल्या साठ्यात, म्हणजे एन्ट्रॉपीच्या (अंदाज न येणाऱ्या मालाच्या) पूलमध्ये, हॅश या घुसळणाऱ्या गणिती सूत्राच्या आधारे मिसळते. आता ‘बफ’मध्ये आहे काय, हा खरा प्रश्न.

२४७ व्या ओळीचं फंक्शन आहे एसएसएलईएवाय_रँड_ॲड. बाहेरून कुणीतरी रँडमपणाचा माल आणून देतो, ऑपरेटिंग सिस्टीमच्या यूरँडम या स्रोतातून वाचलेले बाइट, घड्याळातली वेळ, प्रोसेसचा (चालू प्रोग्रॅमचा) क्रमांक वगैरे, आणि हे फंक्शन तो माल पूलमध्ये पिसतं. इथे ‘बफ’ म्हणजे आत येणारा माल. बाहेरून आणलेला माल पूलमध्ये जाण्याचा दरवाजा हाच.

४६७ व्या ओळीचं फंक्शन आहे एसएसएलईएवाय_रँड_बाइट्स. ते पूलमधून रँडम बाइट काढून मागणाऱ्याला देतं. इथे ‘बफ’ म्हणजे मागणाऱ्याने पुढे केलेलं रिकामं भांडं. भांडं भरून देण्याआधी त्याच्या तळाशी जे काही पडलं असेल तेही पूलमध्ये मिसळून टाकावं, झाला तर फायदाच, अशी मूळ लेखकांची कल्पना. भांडं बहुतेक वेळा कोरंच असल्यामुळे ही ओळ हळद लावणारी आहे हे उघड होतं. ओपनएसएसएलच्या लोकांनाही ते ठाऊक होतं. वॅलग्रिंडच्या आधीपासून प्युरिफाय नावाचं असंच एक अवजार होतं, तेही याच ओळीवर कुरकुरायचं. म्हणून ती ओळ ‘प्युरिफाय’ असा झेंडा लावून कंपाइल केलं तर वगळली जाईल अशी सोय करून ठेवली होती. शेजारी बारीकशी टीपही होती: प्युरिफाय तक्रार करतं.

पहिल्या ओळीला असा झेंडा नव्हता, टीपही नव्हती. ती काढायची वेळ कधी येईल असं कुणाच्या स्वप्नातही नसावं. पण या फंक्शनला बोलावणाऱ्या एखाद्या कोडने अर्धवट कोरा बफर (मेमरीचा तुकडा) दिला, की हळद तिथूनही आत शिरणार आणि वॅलग्रिंडचं बोट त्या ओळीकडेही जाणार.

मी हे प्रकरण शिकवतो तेव्हा या टप्प्यावर थांबतो आणि दोन्ही फंक्शनच्या पहिल्या ओळी फळ्यावर लिहितो. पहिल्यात ‘बफ’च्या आधी ‘कॉन्स्ट’ हा शब्द आहे. दुसऱ्यात नाही. ‘कॉन्स्ट’ म्हणजे या तुकड्याला हे फंक्शन हात लावणार नाही, फक्त वाचणार. दुसरीकडे तो शब्द नाही, कारण तिथे लिहायचंच आहे. एकीकडे आवक, एकीकडे जावक. एवढा एक शब्द नजरेत भरला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण तो शब्द वॉर्निंग आलेल्या ओळीवर नव्हता, तिच्या बऱ्याच वर होता. दिवसभर वॉर्निंगांमागे धावून थकलेले डोळे ओळीवर खिळतात, तिच्या वर फिरत नाहीत. माझेही कित्येकदा फिरलेले नाहीत.

विचारलं, पण काय विचारलं

१ मे २००६ रोजी मेंटेनरने ओपनएसएसएलच्या डेव्हलपर मेलिंग लिस्टवर प्रश्न टाकला. वॅलग्रिंडखाली फार वॉर्निंगा येतात, त्या रँडम आकड्यांच्या कोडमधून येतात, या दोन ओळी त्याला कारण आहेत, असं त्याने लिहिलं. दोन्ही ओळी क्रमांकासह दाखवल्या. त्या काढाव्यात असं वाटतं, पण त्याचा रँडम आकड्यांवर काय परिणाम होईल याची आपल्याला कल्पना नाही, हेही त्याने प्रामाणिकपणे कबूल केलं. फार तर पूलमध्ये थोडी कमी एन्ट्रॉपी येईल, असा त्याचा अंदाज होता.

उत्तरं आली. एकाने प्युरिफायच्या झेंड्याकडे बोट दाखवलं. ओपनएसएसएलच्या चमूतल्या एकाने लिहिलं की डिबगिंगला मदत होत असेल तर त्या ओळी काढाव्यात असंच माझं मत आहे.

ही देवाणघेवाण मी अनेकदा वाचली आहे, आणि दर वेळी माझी नजर ‘डिबगिंग’ या शब्दावर अडखळते. उत्तर देणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा आपल्या टेबलावर बसून बग शोधणारा एकटा डेव्हलपर होता. त्याने आपल्या प्रतीत दोन ओळी झाकल्या तर जगाचं काही बिघडत नाही. विचारणाऱ्याच्या हातात मात्र पॅकेज होतं, जे पुढे असंख्य मशिनवर बसणार होतं. हा बदल वापरकर्त्यांकडे पाठवला जाणार आहे, ही गोष्ट प्रश्नात ठळकपणे कुठे आली नव्हती. दोघेही खरं बोलत होते, पण वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते.

दुसरं म्हणजे, प्रश्नात ओळी होत्या, पण त्या कुठल्या फंक्शनमधल्या हे नव्हतं. पॅचही (बदलाची तयार फाइल) जोडलेला नव्हता. डिफ, म्हणजे जुन्या-नव्या कोडमधला फरक, समोर आला की वाचणाऱ्याला वरच्या-खालच्या तीन-तीन ओळी आपोआप दिसतात, फंक्शनचं नाव दिसतं. नुसती एक ओळ उचलून दाखवली की ती पोरकी होते. दोन पोरक्या ओळी सारख्याच दिसल्या, त्यातली एक निरुपद्रवी असल्याचं जाणकारांना माहीत होतं, आणि तिच्यासोबत दुसरीलाही परवानगी मिळून गेली.

तिसरी गोष्ट पत्त्याची. प्रकरण उघड झाल्यावर ओपनएसएसएलचे एक जुने सदस्य बेन लॉरी यांनी डिस्ट्रोवाल्यांवर सडकून टीका केली: हे लोक आपापल्या घरात पॅच लावतात, मूळ प्रकल्पाकडे पाठवत नाहीत. पाठवला असता तर आम्ही तिथेच नाही म्हटलं असतं. मग लोकांनी तो जुना प्रश्न शोधून काढला. त्यावर लॉरींचं म्हणणं पडलं की ती लिस्ट ओपनएसएसएल वापरणाऱ्या डेव्हलपरांसाठी आहे, खुद्द चमूचा पत्ता वेगळा. मला हा युक्तिवाद पटत नाही. लिस्टच्या नावातच ‘डेव्ह’ असेल, तर बाहेरच्या माणसाने आणखी कुठलं दार ठोठवायचं? पण त्यांच्या मूळ म्हणण्यातला अर्धा भाग खरा आहे. प्रश्न गेला होता, पॅच गेला नव्हता. आणि प्रश्नाला होकार देणं आणि पॅच आपल्या कोडमध्ये ओढून घेणं या दोन कृतींत माणूस सारखी काळजी घेत नाही. ओढून घेताना आपलं नाव लागतं.

त्या काळच्या डेबियन पॅकेज-स्वरूपात मेंटेनरचे सगळे बदल एकाच डिफ फाइलीत एकत्र येत. या डिफमध्ये पहिल्या ओळीभोवती टिप्पणीची खूण घालून, म्हणजे ती निष्क्रिय करून, वर लिहिलं होतं: कोरा डेटा मिसळू नका. चुकीचं निदान त्या एका वाक्यात आहे. त्या ठिकाणी येणारा डेटा कोरा नव्हता.

पूल भरल्याचं सांगत होता

आता पूलची अवस्था पाहा. आत जाणारा दरवाजा बंद झाला. यूरँडमचे बाइट येत, फंक्शन ते हातात घेई आणि सोडून देई. घड्याळाची वेळ येई, तिचंही तेच.

आणि याहून वाईट म्हणजे, माल आत गेला की नाही याची मोजणी वेगळ्या ओळीत होती. रँड_ॲडच्या शेवटी एन्ट्रॉपीचा आकडा वाढवणारी एक ओळ आहे, ती शाबूत राहिली. त्यामुळे मिसळलं काहीच जात नव्हतं, पण मीटर चढत होतं. पूल पुरेसा भरला का असं प्रोग्रॅमने विचारलं की उत्तर यायचं: भरला. टाकीत पाणी नाही आणि तरंगणारा गोळा वर अडकून बसलेला. कुठे त्रुटी आली नाही, कुठे प्रोग्रॅम थांबला नाही.

मग आकडे रँडम दिसत तरी कसे होते? बाइट काढून देताना दुसरं फंक्शन प्रोसेसचा क्रमांक मिसळतं, ती ओळ कुणी काढली नव्हती. उरलेला एकमेव फरक तोच. लिनक्सवर तेव्हा हा क्रमांक नेहमीच्या सेटिंगमध्ये ३२,७६८ च्या आतच असे. म्हणजे एका जातीच्या मशिनवर, एका प्रकारची, एका लांबीची किल्ली बनवायची तर शक्य किल्ल्या ३२,७६७. जी किल्ली विश्वाच्या आयुष्यात कुणाला अंदाजाने सापडू नये, ती बत्तीस हजारांच्या यादीत बसली. यादी सगळ्यांना सारखीच. सूचना निघाल्यावर काही दिवसांतच लोकांनी या याद्या बनवून उघड ठेवल्या. बनवायला तास पुरले.

तरीही वीस महिने कुणाला कळलं नाही, हे ऐकून मुलं दर वेळी चकित होतात. टेस्ट नव्हत्या का, विचारतात. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण रँडम आकड्यांची होत नाही. एक किल्ली घेऊन कितीही निरखली तरी ती छानच दिसते, कारण हॅशमधून जे बाहेर पडतं ते छानच दिसतं. बरं, दहा किल्ल्या बनवून पाहू म्हटलं तर? दहाही वेगळ्या. हजार बनवल्या तरी हजारही वेगळ्या, कारण एकाच मशिनवर एकामागून एक प्रोसेस चालवल्या तर क्रमांक वाढत जातो. मोजणी ३२,७६८ ला पोचून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाल्यावरच पहिली जोडी सापडणार. मशिन वेगवेगळी घेतली तर गोष्ट निराळी. वर्गात २३ मुलं असली की दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी निघण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, हे गणित आपल्याला माहीत असतं. त्याच हिशेबाने ३२,७६७ च्या यादीतून सव्वादोनशेच्या आत किल्ल्या उचलल्या तरी दोन सारख्या निघण्याची शक्यता निम्म्यावर जाते. शेकडो मशिन सांभाळणाऱ्या जागा तेव्हाही होत्या. पण दोन सर्व्हरच्या किल्ल्या एकमेकींशी ताडून पाहण्याची गरज कुणाला वाटावी?

सदोष पॅकेज, ०.९.८सी-१, डेबियनच्या अनस्टेबल या घडत्या शाखेत १७ सप्टेंबर २००६ ला चढलं. एप्रिल २००७ मध्ये एच (Etch) ही डेबियनची स्थिर आवृत्ती आली, तीही ते घेऊनच. उबुंटूच्या ७.०४, ७.१० आणि ८.०४ मध्येही ते गेलं. यातली ८.०४ तर येऊन तीन आठवडेही झाले नव्हते. अखेर डेबियनचेच डेव्हलपर लुसियानो बेल्लो यांच्या लक्षात आलं की आकडे ओळखता येण्याजोगे आहेत. सुरक्षा-त्रुटींच्या सार्वजनिक यादीत तिला सीव्हीई-२००८-०१६६ हा क्रमांक मिळाला. दुरुस्त पॅकेजात पहिली ओळ परत आली.

ओळ परत आणणं एका मिनिटाचं काम होतं. किल्ल्या बदलण्याचं काम नव्हतं.

त्या आठवड्यातलं काम

त्या वर्षी मी पुण्यात एका छोट्या कंपनीचे सर्व्हर सांभाळत होतो. सूचना वाचली तेव्हा पहिली प्रतिक्रिया ‘अपडेट मारू आणि झोपू’ अशीच झाली. पुन्हा वाचल्यावर झोप उडाली. पॅकेज बदलल्याने पुढच्या किल्ल्या चांगल्या निघतील, आधी बनलेल्या तशाच राहतील. त्या प्रत्येक मशिनवर, प्रत्येकाच्या होम डिरेक्टरीत आणि ग्राहकांच्या मशिनवरही पसरलेल्या होत्या.

एसएसएचच्या नव्या पॅकेजसोबत दुबळ्या किल्ल्यांची काळी यादी आणि एसएसएच-व्हल्नकी नावाचं एक छोटं अवजार आलं. ते चालवलं की एकेक किल्ली तपासून एकेक ओळ छापायचं. सुरुवातीच्या तीन-चार ओळी ‘काळ्या यादीत नाही’ अशा आल्या. मग मोठ्या अक्षरांत एक ‘कॉम्प्रोमाइज्ड’. मग दुसरी. ओळीच्या शेवटी किल्लीच्या मालकाचं नाव. मागच्या वर्षी नवे लॅपटॉप आले तेव्हा सगळ्यांनी उबुंटू टाकून नव्या किल्ल्या बनवल्या होत्या, मोठ्या हौसेने, सुरक्षेसाठी म्हणून. नेमक्या त्याच सगळ्या बाद निघाल्या. जुनी किल्ली वापरत राहिलेले वाचले.

एका सहकाऱ्याची किल्ली मात्र मला अजून आठवते. त्याची डीएसए जातीची (सूचनेच्या क्रमांकातल्या डीएसएशी याचा संबंध नाही), कितीतरी जुनी, दुसऱ्याच सिस्टीमवर बनवलेली. अवजार म्हणालं, यादीत नाही. तो निश्चिंत झाला. मी सूचना पुन्हा उघडून त्याला एक परिच्छेद दाखवला. डीएसएमध्ये दर सहीला एक नवा गुप्त रँडम आकडा लागतो. तो आकडा कुणाला कळला, तर एका सहीवरून मूळ खासगी किल्ली साध्या बीजगणिताने काढता येते. त्याने ती चांगली किल्ली घेऊन कित्येक महिने उबुंटू ७.१० च्या लॅपटॉपवरून लॉगिन केलं होतं. दर लॉगिनला एक सही, दर सहीत बत्तीस हजारांतला एक आकडा. किल्ली जन्मतः निरोगी होती, वापरल्यामुळे गेली. ‘म्हणजे मी काहीच चुकीचं केलं नाही, तरी?’ असं त्याने विचारलं. मी हो म्हणालो. त्याने माझ्यासमोर ती फाइल पुसली आणि आरएसए या दुसऱ्या जातीची नवी बनवली.

सगळं आवरायला आम्हाला चार दिवस लागले. सर्टिफिकेट पुन्हा काढणं, ग्राहकांना फोन करून तुमच्या मशिनवरची आमची जुनी किल्ली काढून टाका म्हणून सांगणं, हे त्यातलं सर्वांत जड काम. जगात सगळीकडे हे काम पूर्ण झालं नाही. २०१५ साली एका संशोधकाने गिटहबवरच्या सार्वजनिक एसएसएच किल्ल्या तपासल्या, तेव्हाही या दुबळ्या यादीतल्या किल्ल्या त्यात निघाल्या. सात वर्षांनी.

हाच फिक्स आज आला तर

कॉलेजातली मुलं पहिला पॅच घेऊन माझ्याकडे येतात. बहुतेकांचा पॅच कुठल्यातरी वॉर्निंगवरचा असतो आणि त्यात गैर काही नाही, मीही तिथूनच सुरुवात केली. मी त्यांना आधी वॉर्निंग बाजूला ठेवायला लावतो. ही ओळ नसती तर कुणाचं काय अडलं असतं, ते आधी सांग. या प्रकरणात त्याचं उत्तर शोधायचं म्हणजे रँड_ॲडला कोण कोण बोलावतं ते ग्रेप करून (सगळ्या कोडमध्ये शोधून) पाहायचं. पाच मिनिटांत यूरँडम वाचणारा कोड समोर आला असता, आणि हा बफर रिकामा नाही हे दिसलं असतं.

मग दोन ओळी म्हणजे दोन पॅच. यावर मी हटून बसतो. मुलं कुरकुरतात, कारण वॉर्निंग एकच, कारणही एकच, मग दोन कमिट (बदलाच्या वेगळ्या नोंदी) कशाला? कारण दोन पॅच केले की दोन वेळा ‘का’ लिहावं लागतं. दुसऱ्या ओळीसाठी ते सोपं आहे: बाहेर जाणाऱ्या भांड्यातलं कोरं मिसळलं जातं, ते वगळल्याने काही बिघडत नाही. तेच वाक्य पहिल्या ओळीसाठी लिहायला घ्या. ‘बाहेर जाणाऱ्या’ या शब्दाशीच पेन अडतं. या प्रकरणात एक वाक्य दोन ठिकाणी चिकटवलं गेलं, आणि ते अडायचं राहून गेलं.

आणि विचारताना पॅच जोडून विचारायचं, तो कुठे जाणार आहे हे पहिल्या वाक्यात सांगून. ‘हा बदल आमच्या पॅकेजमधून सर्व वापरकर्त्यांकडे जाईल. आपण तो मूळ कोडमध्ये घ्याल का? नसाल घेणार, तर का?’ या शेवटच्या दोन शब्दांवर समोरच्याला कोड उघडून पाहावाच लागतो. पुढे डेबियनमध्ये पॅचच्या डोक्यावर माहिती लिहिण्याची डेप-३ ही पद्धत रूढ झाली. पॅच कशासाठी, कुणाचा, कुठून आला हे तिच्यात लिहितात, आणि ‘फॉरवर्डेड’ नावाचा एक रकाना असतो: मूळ प्रकल्पाकडे पाठवला का? मुलांना मी तो रकाना भरायला लावतो, डेबियनचा पॅच नसला तरी.

मूळ प्रकल्पाच्या बाजूनेही एक काम राहिलं होतं, त्याबद्दल लोक कमी बोलतात. त्या फाइलीतली धोक्याची ओळ कुठली आणि निरुपद्रवी कुठली, हे बाहेरच्या माणसाला कळेल असं काहीही लिहिलेलं नव्हतं. निरुपद्रवी ओळीला टीप होती, जिवाच्या ओळीला नव्हती. मेंटेनरला दोष देणाऱ्यांनी ती फाइल २००६ च्या अवस्थेत एकदा उघडून पाहावी, असं मला वाटतं. मी पाहिली आहे. त्या २४७ व्या ओळीत थांबायला लावणारं काही नाही.

ते नंतर बदललं. ओपनएसएसएलच्या कोडमध्ये दोन्ही जागी टीपा आल्या. दुसऱ्या ओळीपाशी शांतपणे लिहिलं होतं की हा बफर बहुधा कोरा असतो, वॅलग्रिंडसारखी अवजारं तक्रार करतील, आणि तो वगळल्याने सुरक्षेवर नगण्य परिणाम होतो. पहिल्या ओळीच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत, शेवटी उद्गारचिन्ह देऊन, लिहिलं होतं की खालचा एमडी_अपडेट काढू नका. आणि ओळीखाली: या ओळीमुळे वॅलग्रिंड तक्रार करू शकतं हे आम्हाला माहीत आहे. ती काढलीत तर अतिशय वाईट रँडम आकडे मिळतील आणि फार असुरक्षित किल्ल्या बनतील. २०१८ च्या १.१.१ आवृत्तीत रँडम आकड्यांची सगळी यंत्रणाच नवी आली आणि ती फाइल गेली. तोपर्यंत ती टीप त्या ओळीवर होती.